फुगे फोडणारे मास्तर

आमचं आजोळ हुमनाबादचं. पुण्याहून हैदराबादला जाणारा हमरस्ता आणि बीदर-कलबुर्गी रस्ता जिथे एकमेकांना छेदतात, ते हे गाव. घरात मराठी, कचेरीत कन्नड, बाजारात दखनी आणि दुखणं मोठं निघालं तर तेलुगू, असा इथल्या माणसाचा चार भाषांचा संसार. मोठ्या दुखण्याला कुणी सोलापूर गाठतं, कुणी हैदराबाद. माझे मामा हैदराबादला गेले, कारण माझी धाकटी बहीण तिथे फिजिओथेरपिस्ट आहे.

मामा गणिताचे मास्तर. निवृत्त झाल्यावरही संध्याकाळी ओसरीवर पोरं बसायची. दोन वर्षांपूर्वी श्रावणातल्या एका पहाटे त्यांच्या उजव्या अंगावरून वारं गेलं. तोंड धुताना तांब्या सुटला, उचलायला वाकले ते खाली बसलेच. शेजारच्या एकाने तेल सांगितलं, दुसऱ्याने कबुतराचं ताजं रक्त चोळायला सांगितलं. लकव्यावर हा उपाय सांगणारा आमच्याकडे गल्लीगणिक एक तरी सापडतो. मेंदूतली गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत टोचावं लागतं, हे आम्हाला कळलं तेव्हा दुपारची जेवणं झाली होती.

आता ते काठी टेकत चालतात. बोलणं जड झालंय, पण मुद्दा हातचा सुटत नाही. उजव्या हाताची बोटं मात्र आत वळलेली. नखं तळव्यात रुतू नयेत म्हणून मामी त्या मुठीत हातरुमालाची गुंडाळी ठेवतात, रोज धुतलेली.

गेल्या वर्षी धाकटीने मामांना तीन आठवडे स्वतःकडे नेलं आणि डोळ्यांवर तो डबा चढवून व्यायाम करून घेतले. व्हर्च्युअल रिॲलिटी म्हणतात त्याला. आभासी वास्तव हा शब्द मामांनीच कुठल्याशा मासिकात वाचून ठेवला होता, पण घरात त्याचं नाव ‘डबा’च पडलं. यंदा दत्तजयंतीला गावाशेजारच्या माणिकनगरची गर्दी उरकून आम्ही सगळे ओसरीवर टेकलो, आणि वर्षभर दोघांनीही राखून ठेवलेला वाद निघाला.

“मामा, तीन आठवड्यांत तुम्ही किती फुगे फोडलेत, माहितेय?” धाकटीने मोबाइल काढला. “अडीच हजारांच्या वर. मशीनने मोजलेत.”

“फुगे मोजू नकोस. भाकरी किती मोडल्या ते सांग.”

धाकटी गप्प झाली, कारण मामांचा सगळा दावा त्या एका वाक्यात होता. चपातीचा तुकडा एका हाताने तुटतो. आमच्याकडची ज्वारीची कडक भाकरी एका हाताने मोडायला जावं तर ताटातून उडते. मामी भाकरी कुस्करून, वर वरण ओतून ताट पुढे ठेवतात. ताट पुढे आलं की मामा क्षणभर दुसरीकडे बघतात. ते मी पाहिलंय.

“मला त्या डब्यात काय दिसायचं?” मामा म्हणाले. “एक बाग. तिथे फुगे तरंगत यायचे, आणि मी त्यांना हात लावायचा. साठी उलटलेला माणूस, बीजगणित शिकवलेला. माझ्या बोटांना खेळाची ती कांडी धरवेना, तर तुम्ही ती पट्ट्याने हाताला बांधलीत. मग तुमचा तो दुकानाचा खेळ. ढकलगाडी घ्या, फडताळातून डबे काढून गाडीत ठेवा. बाई गं, मी जन्मात ढकलगाडी घेऊन बाजार केला नाही. आमचा वाणी सामान पुडीत बांधून देतो. आणि मागून एक बाई इंग्रजीत म्हणायची, फार छान, फार छान. मी काय फार छान केलं होतं?”

धाकटी हसली, पण मग खुर्ची पुढे ओढून बसली. “भाकरीचं नंतर. आधी आकडा ऐका, तुमचाच विषय आहे. अमेरिकेत कॅथरीन लँग म्हणून संशोधक आहेत. २००९ साली त्यांच्या गटाने पक्षाघाताच्या रुग्णांच्या ३१२ बैठका बसून पाहिल्या आणि रुग्ण खरोखर किती वेळा हात कामाला लावतो ते मोजलं. सरासरी बत्तीस निघाली. तेही ज्या बैठकीत हाताचं काम झालं तिथे. निम्म्या बैठकांत ते झालंच नव्हतं. माकडांवर प्रयोग होतात तेव्हा मेंदूतली जागा नव्याने बांधली जायला तीच हालचाल रोज शेकड्यांनी करून घ्यावी लागते. आता मी तुमच्यासमोर बसून ‘मामा, हात पुढे, मामा, हात मागे’ असं दोनशे वेळा म्हटलं तर?”

“चाळीसाव्याला मी तुला हाकलेन.”

“पहिल्या आठवड्यात पंचविसाव्याला हाकललं होतंत. फुग्यांच्या मागे लागून मात्र एका बैठकीत दीडशेच्या पुढे गेलात. तो डबा औषध नाहीच, मामा. नकोसं काम तुमच्याकडून करून घ्यायची ती युक्ती आहे. पोरांकडून पाढे चालीवर म्हणून घ्यायचात ना?”

हा घाव बसला. मामांचे पाढे म्हणजे गावभर प्रसिद्ध प्रकरण होतं. पण ते मास्तर. बसलेला घाव कबूल करण्याऐवजी त्यांनी दुसरीच वही उघडली.

“शेवटच्या आठवड्यात माझा हात खांद्याच्या वर गेला होता. मी घरी फोन करून सांगितलं. इथे येऊन कपाटावरचा डबा काढायला गेलो, तर कोपराच्या वर जाईना. असं कसं?”

धाकटी चाचरली. मग तिने खरं सांगितलं. त्या यंत्रात एक सोय असते. हात प्रत्यक्षात वीतभर उचलला तर आतला हात दीड वीत उचललेला दाखवता येतो. रुग्णाला जमतंय असं वाटतं आणि तो अजून थोडं रेटतो. पुढे ती वाढ हळूहळू कमी करत आणायची, पण मामांच्या बाबतीत तीन आठवडे तेवढ्यातच संपले.

“म्हणजे पेपरात मार्क वाढवलेस.”

“ग्रेस मार्क. पोरगं शाळा सोडू नये म्हणून तुम्हीही दिलेत की.”

“दिले. पण प्रगतिपुस्तकावर तांबड्या शाईने तसं लिहायचो.”

यावर धाकटीपाशी उत्तर नव्हतं, आणि ते नव्हतं हे तिने मान्य केलं. “सांगायला हवं होतं, मामा. चुकलं.” माझ्या मते त्या दिवसातलं सर्वांत मोलाचं बोलणं हेच. या तंत्राबद्दल बाहेर जी चर्चा चालते ती किमतीची आणि चकाकीची. रुग्णाला फसवून हात हलवायला लावणं योग्य का, आणि फसवायचं तर त्याला कधी सांगायचं, हा प्रश्न मला एका निवृत्त मास्तरांच्या तोंडून प्रथम ऐकायला मिळाला.

पण धाकटी तिथे थांबणारी नव्हे. ती आत गेली आणि मोरीजवळ दाढीसाठी टांगलेला आरसा घेऊन आली. मामांच्या पुढ्यात पाट ठेवला, त्यावर आरसा दोन हातांच्या मधोमध उभा केला. उजवा हात आरशाच्या मागे, डावा पुढे. “आता आरशातच बघा. डावी मूठ उघडा, मिटा.”

मामांनी डावी मूठ उघडली. आरशात त्यांचा उजवा हात उघडला. पाची बोटं सरळ, दोन वर्षांत कुणी न पाहिलेली. त्यांनी मिटली, पुन्हा उघडली. आरशामागे मामींचा रुमाल जिथल्या तिथे होता. मामी दारात उभ्या होत्या, त्या पुढे आल्या नाहीत.

“हे पण खोटंच,” मामा जरा वेळाने म्हणाले.

“खोटंच. पण ही लबाडी मद्रासकडच्या एका डॉक्टरने शोधली. व्ही. एस. रामचंद्रन. हात कापलेल्या माणसांचा नसलेला हात दुखतो, त्यांच्यासाठी त्यांनी आरशाची पेटी केली. मग १९९९ मध्ये त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पक्षाघाताच्या नऊ रुग्णांवर तोच आरसा वापरून पाहिला आणि ‘लॅन्सेट’मध्ये छापलं. डोळ्यांनी हात हललेला पाहिला की मेंदू त्या हाताची दखल घ्यायला लागतो, असा तर्क. डबा तेच करतो, जरा थाटात.”

“मग मोरीतला आरसा असताना डबा कशाला?”

“कारण चार दिवसांनी आरशाचा कंटाळा येईल. आरसा मोजत नाही, अवघड करत नेत नाही, आणि तुम्ही काल किती केलंत हे मला हैदराबादला कळवत नाही.”

मामा आरशाकडे बघत मूठ उघडत-मिटत राहिले. वाद मात्र सोडेनात. “डब्याने फरक पडतो हे सिद्ध कुणी केलंय? मला सिद्धता दाखव. फुग्यांची संख्या नको.”

आणि इथे धाकटीने स्वतःच्याच बाजूचं नुकसान केलं. तिचा हा स्वभाव मला आवडतो. “२०१६ मध्ये एक मोठी चाचणी झाली. कॅनडा, अर्जेंटिना, पेरू आणि थायलंड, चार देशांतली चौदा केंद्रं, १४१ रुग्ण. निम्म्यांना निन्टेंडोचा वी नावाचा व्हिडिओ गेम दिला. निम्म्यांना साधे खेळ. रोज तासभर, दहा बैठका. शेवटी दोन्ही गटांचे हात सुधारले आणि सारखेच सुधारले.”

“साधे खेळ म्हणजे कुठले?”

“पत्ते. चेंडू. लाकडी ठोकळ्यांचा मनोरा.”

मामा इतके हसले की त्यांना ठसका लागला. डाव्या बाजूने तोंड हसलं, उजवी बाजू जरा मागून आली. “पत्ते! पत्ते कुटून हात सुधारतो असं चाचणीत निघालं, आणि तू मला तीन आठवडे हैदराबादला ठेवलंस! आमच्या पारावर सगळे न्यूरॉलॉजिस्टच बसलेत म्हणायचे.”

“हसा. पण पुढचं ऐका. तो गेम धडधाकट पोरांसाठी केलेला होता, रुग्णासाठी नव्हे. कॉक्रेन म्हणून एक संस्था आहे, सगळ्या चाचण्या एकत्र चाळून निकाल सांगणारी. २०१७ मध्ये त्यांनी ७२ चाचण्या, २४७० रुग्ण पाहिले आणि सांगितलं की नेहमीच्या व्यायामाऐवजी डबा दिला तर हाताला जास्तीचा फायदा नाही, पण नेहमीच्या व्यायामाच्या जोडीला आणखी वेळ दिला तर आहे. २०२५ मध्ये पुन्हा पाहिलं. या वेळी १९० चाचण्या, ७१८८ रुग्ण. आता ते म्हणतात, नुसती तुलना केली तरी हाताच्या बाबतीत डबा किंचित पुढे आहे.”

“किंचित म्हणजे किती?”

“किंचित.”

“भाकरीइतका?”

“भाकरीइतका असं मी लिहून देणार नाही. बहुतेक खेळ हात पुढे-मागे, वर-खाली करून घेणारे आहेत. घरातलं काम करून घेणारे थोडे.”

“म्हणजे मी म्हणतो तेच.”

“तुम्ही म्हणता त्यातलं निम्मं,” धाकटी म्हणाली. “उरलेलं निम्मं म्हणजे फुगे फोडल्याशिवाय तुम्ही भाकरीपर्यंत पोचणारच नाही. खांदा हलेना तर बोटं भाकरीवर नेणार कोण?”

मी मध्येच विचारलं, हे सगळं परदेशातलंच आहे का? ती म्हणाली, नाही रे, आपल्याच रस्त्यावर आहे. हुमनाबादहून हैदराबादची बस पकडली की जहीराबाद, संगारेड्डी करत जाताना कंदीला आयआयटीचा भलामोठा परिसर लागतो. बीएबल हेल्थ नावाची कंपनी त्याच संस्थेच्या आधाराने उभी राहिली. त्यांचं आर्मेबल म्हणून यंत्र आहे. टेबलावर हात ठेवायचा, मूठ सरकवायची, समोर पडद्यावर खेळ चालतो. डोळ्यांवर काही चढवायला नको, म्हणून चक्कर नाही. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजने आणि मद्रास आयआयटीने मिळून मनगट-बोटांसाठी प्लूटो नावाचं यंत्र केलंय. गांधीनगर आयआयटीत तोल सांभाळायच्या खेळांवर काम झालंय. “मामा, तुम्ही ज्या बसने चिडून परत आलात ती त्या आयआयटीच्या दारावरूनच आली.”

“बस थांबली नाही ना पण तिथे.”

वाक्य साधं, पण दुखणं खरं. हैदराबाद इथून तीन-साडेतीन तास. एका बैठकीसाठी जाऊन-येऊन दिवस मोडतो, आणि सोबत एक माणूस मोडतो तो वेगळाच. बीदरला सरकारी मेडिकल कॉलेज आहे, कलबुर्गीला तर एकाहून अधिक मेडिकल कॉलेजं आहेत. बीदर-कलबुर्गी रेल्वेही २०१७ पासून हुमनाबादवरून धावते. पण ही व्यवस्था माणूस जगवण्यासाठी आहे. जगल्यानंतरची भाकरी ज्याची त्याने मोडायची, असाच एकूण हिशेब दिसतो.

धाकटीचा उपाय तयार होता. डबा आता बऱ्या मोबाइलच्या किमतीत मिळतो, वजन अर्ध्या किलोच्या आसपास. घरी ठेवायचा, रोज अर्धा तास, रविवारी ती व्हिडिओ कॉलवर बघणार. हातांची खुर्ची हवी, कारण डोळे झाकलेले असताना तोल गेला तर कळत नाही. चष्म्यावरून नीट बसवायचा. चक्कर आली तर काढायचा. शेजारी कुणीतरी उभं हवं.

“कुणीतरी म्हणजे मी,” दारातून आवाज आला.

मामी इतका वेळ बोलल्या नव्हत्या. त्या येऊन पायरीवर बसल्या. “तुम्ही दोघं तासभर भांडताय, डबा बरा का आरसा बरा. दोन्हीपाशी उभं कोण राहणार हे एकानेही विचारलं नाही. मला शिकवा म्हणजे मी करून घेते, असं मी पहिल्याच महिन्यात म्हणाले होते. नाही का गं?”

“म्हणाला होतात, मामी. पण त्याचीही चाचणी झालीय, आपल्याच देशात.” धाकटीने आवाज खाली घेतला. “अटेंड नाव तिचं. चौदा रुग्णालयं, १२५० रुग्ण. घरच्या माणसाला व्यायाम शिकवून घरी पाठवलं. २०१७ मध्ये निकाल आला. सहा महिन्यांनी पाहिलं तर शिकवलेल्यांत आणि न शिकवलेल्यांत फरक नाही.”

ओसरीवर शांतता. मामांनाही हा निकाल आवडला नाही.

मामींनी पदराने हात पुसले. “त्या घरच्या माणसांना शिकवलं, बरोबर. त्यांचा स्वयंपाक कोण करत होतं? धुणं? ते विचारलं का कुणी?”

धाकटीने मोबाइल उलटा करून ठेवला. मी पत्रकारितेत बरीच वर्षं काढली, अहवालांवर लिहिलंय, तज्ज्ञांच्या मुलाखती घेतल्यात. निकालाच्या तक्त्याला पडलेला इतका नेमका प्रश्न मला आठवत नाही. शिकवलं म्हणजे वेळ मिळाला असं नव्हे. मामींचा दिवस पहाटे पाचला सुरू होतो. मामांची अंघोळ, कपडे, सदऱ्याच्या गुंड्या, गोळ्या, मुठीतला रुमाल, आणि हे सगळं स्वयंपाकाच्या आधी. त्यात दोनशे वेळा हात पुढे, हात मागे कुठे बसवायचं? डबा कितीही हुशार असो, तो मामींच्या एकाही मिनिटाची भर घालत नाही. उलट घालायचा, काढायचा, पुसायचा, चार्ज करायचा, हे काम वाढतंच.

मामांनी हा मुद्दा उचलला, पण मामींकडे न बघता. “माझी हरकत तीच आहे. हिच्यावर आणखी एक काम नको.”

“तुमची हरकत भाकरीची होती,” मामी म्हणाल्या. “माझ्या आडून बोलू नका.”

धाकटीने आता वाद सोडला आणि कामाला लागली. संध्याकाळी पोरं अजून येतात का? येतात, चार-पाच. मग पाढे म्हणायच्या आधी अर्धा तास त्यांनी मास्तरांचा डबा सांभाळायचा. एकाने शेजारी उभं राहायचं, एकाने मोजायचं. पोरांना तो डबा बघायला मिळणार म्हटल्यावर ती घरी थांबणार नाहीत, ही भीती होतीच. मामा कुरकुरले, “पोरं माझे फुगे बघून हसतील.” मग स्वतःच म्हणाले, “हसू देत. मी त्यांच्या भूमितीला कमी हसलोय का.” आरसाही ठेवायचा, मोरीतून काढून पाटावरच. आणि खेळात आवाज बदलता येतो का ते बघायचं; त्या इंग्रजी बाईचं ‘फार छान’ ऐकून मामांचा रक्तदाब वाढतो.

“मराठीत करून घेते,” धाकटी म्हणाली. “नाहीतर मीच भरते आवाज.”

“कन्नडही भर. दोन पोरं कन्नड माध्यमातली आहेत.”

मामा पुन्हा आरशाकडे वळले होते. मूठ उघडायची, मिटायची. मध्येच थांबले. “एक विचारू? तो खेळ लिहिणाऱ्याला सांगता येतं का, की फुगे नकोत, सुपात तूरडाळ दाखव. खडा दिसला की दोन बोटांनी उचलून बाजूला टाकायचा. तेवढं जमलं तर पुढे भाकरीचं बघू.”

धाकटीने ते खरंच लिहून घेतलं. सूप, तूरडाळ, खडा, दोन बोटं.

मामी उठल्या, आत गेल्या, आणि सूप घेऊन आल्या. “निवडायचीच असेल तर खरी दोन किलो पडलीय घरात,” असं म्हणून त्यांनी ते मामांच्या पुढ्यात, आरशाच्या अलीकडे ठेवलं.